‘चाळीस रुपये मिळाले’, पण कुणाला?

पत्र

भाऊ, नमस्कार.

मी बार्शीत एसटी स्टँडजवळ पोहे, उपीट आणि चहाची गाडी लावते. हे नववं वर्ष. चार वर्षांपूर्वी गाडीवर स्कॅनर लावला, मग तो बोलणारा डबा आला. गिऱ्हाईक वाढलं, खोटं कशाला बोलू. गेल्या दिवाळीत त्याच ॲपवरून मेसेज आला, तुम्हाला साठ हजार मंजूर आहेत, कागद नको, जामीन नको. मुलीच्या नर्सिंगची फी भरायची होती, घेतले. रोजचे २३० रुपये विक्रीतून आपोआप कापले जायचे. कधी जाणवलंही नाही. शिवाय नगरपालिकेच्या मार्फत फेरीवाल्यांच्या स्वनिधी योजनेचं वीस हजारांचं दुसरं कर्ज बँकेचं होतं, त्याचा महिन्याला १२५० हप्ता.

नंतर आमचे मालक बांधकामावरून पडले. सोलापूरला दवाखाना, मग घरी. पंचेचाळीस दिवस गाडी बंद होती. आधीचे धरून बँकेचे चार हप्ते थकले. आता गाडी सुरू केली, तर काय होतंय बघा. मंगळवारी स्कॅनरवर १६४० रुपये आले. ॲपवाल्यांनी थकबाकी म्हणून निम्मे, ८२० कापले. उरलेले ८२० खात्यात पडले आणि रात्री बँकेनं ८०८ वळते करून घेतले. सकाळी खात्यात १२ रुपये. दूधवाला दारात उभा. गल्ल्यात रोखीचे साडेचारशे होते, त्यातच दूध आणि पोहे आणले, गॅस उधारीवर घेतला. लाडकी बहीणचे पंधराशे आले होते, तेही त्याच खात्यातून गेले.

मालक म्हणतात, स्कॅनर फाडून टाक, रोखच घे, बघू कोण काय कापतो. मुलगी म्हणते, आई, ती फसवणूक होईल, पोलीस केस होईल. मी मध्ये अडकले आहे.

आणि एक विचारते. आमच्या आजोबांच्या दारात सावकार यायचा म्हणतात. त्याच्यापुढे हात तरी जोडता यायचे. हा डबा ‘चाळीस रुपये मिळाले’ म्हणून ओरडतो आणि पैसे दुसऱ्यालाच मिळतात. याच्यापुढे हात कसे जोडायचे?

एक गाडीवाली, बार्शी


उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातला हिशोब आधी मांडतो. एकतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसरं काही आधी सुचत नाही.

ॲपची थकबाकी पंचेचाळीस दिवसांची, २३० प्रमाणे १०,३५० रुपये. बँकेचे चार हप्ते, ५,००० रुपये, त्यातले पंधराशे तुमच्या नकळत भरलेच गेले. म्हणजे दंड-व्याज सोडलं तर अडलेली रक्कम चौदा हजारांच्या आत आहे. आता गाडीचा दिवस धरू. स्कॅनर आणि रोख मिळून विक्री एकवीसशेच्या आसपास होत असेल. पाच लिटर दूध, चार किलो पोहे, रवा, कांदे, शेंगदाणे, तेल, साखर, चहा पावडर आणि गॅसचा रोजचा वाटा मिळून बाराशे तरी जातात. हातात राहतात साडेआठशे ते नऊशे. यातून २३० ॲपचे आणि बँकेच्या हप्त्याचे दिवसाला चाळीसेक देऊन तुम्ही आजवर घर चालवत होता. थकबाकी सहा महिन्यांत पसरून दिली असती, तरी तुम्ही ती निमूट फेडली असती. तुमचं कर्ज तुमच्या आवाक्याबाहेरचं नाही. ते दोन-तीन आठवड्यांत दाबून वसूल करायला निघालेत, तिथं गाडी मोडते.

हे उत्तर तुमच्यापर्यंत पोचेल तोवर बँकेची थकबाकी कदाचित फिटलेलीही असेल. रोज आठशे गेले तर पाचव्या दिवशी खातं नियमित. शाखेतल्या पडद्यावर ते छान दिसेल. पण त्या पाच दिवसांत दुधाचे पैसे नसल्यानं गाडी लागली नाही, तर पुढचा हप्ता पुन्हा थकणार. तेव्हा पडद्यावर परत लाल रंग येईल आणि कुणीतरी शेरा मारेल: सवयीचा थकबाकीदार.

तुमच्या आजोबांच्या सावकाराकडे येतो, पण आधी गल्ल्याचं बोलू. गल्ल्यात रोख असायची तेव्हा संध्याकाळी तुम्ही काय करायचात? आधी उद्याच्या मालाचे बाजूला, मग किराणा, मग कुणाचं देणं. हा क्रम तुमच्या हातात होता. बँकेचा माणूस चौथ्या दिवशी आला तर त्याला दोनशे देऊन ‘बाकीचे शुक्रवारी’ म्हणता यायचं. कर्ज तेवढंच, व्याज तेवढंच, पण आधी कुणाचे द्यायचे हे ठरवायचं काम कर्जदाराचं. आता पैसा खात्यात पडतो आणि तुमच्या हातात यायच्या आधी रांगेत उभे असलेले उचलतात. रांगेत पहिला कोण हे करारातलं कलम आणि रात्री चालणारा प्रोग्राम ठरवतो. दूधवाला रांगेत शेवटी, कारण त्याच्याकडे तुमच्या सहीचं कलम नाही. रोख कमी झाल्यापासून वसुली फार कठोर झाली का, असं मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर हेच आहे. कठोर झाली ती इथं, क्रम हातातून गेला तिथं.

कायदा याबाबतीत तुम्हाला वाटतो तितका निष्ठुर नाही. पण तो जुन्या घराचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची, तिचं कलम ६०. कोर्टाच्या हुकुमावरून जप्ती आली तरी कशाला हात लावायचा नाही, त्याची यादी त्यात आहे. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रिवाजानं बाईच्या अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची औतं, जनावरं आणि बियाणं. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांशही सुटतात. ते हजार रुपये आज हास्यास्पद आहेत, ते सोडा. पण बियाण्याचा विचार करा. कायदा करणाऱ्यांना एवढं कळत होतं की शेतकऱ्याचं बियाणं उचललं तर यंदाचं देणं वसूल होईल आणि पुढच्या साली द्यायला तो उरणार नाही.

तुमचं बियाणं म्हणजे उद्याचे पोहे आणि पाच लिटर दूध. ते कोठीत असतं तर जप्तीवाला निदान बघून थबकला असता. ते खात्यातल्या आकड्यात आहे आणि आकड्यावर ‘हे बियाणं’ असं कुठं लिहिलेलं नसतं. त्यातही ते कलम कोर्टाच्या जप्तीसाठी आहे. तुमच्याकडे कोर्ट आलंच नाही. बँकेनं स्वतःकडच्या ठेवीतून स्वतःचं येणं वळतं केलं. करार कायद्यात, १८७२ च्या, बँकेला तसा धारणाधिकार, म्हणजे येण्यापोटी हातातलं अडवून ठेवायचा हक्क, आहे आणि तुम्ही सही केलेल्या कर्जाच्या कागदात तो पुन्हा लिहून घेतलेला असतो. ॲपवाल्यांनी तर पैसे तुमच्या खात्यात पडायच्या आधीच कापले. सुनावणी नाही, बेलिफ नाही, पंचनामा नाही.

आता एक कबुली. माझ्या नोकरीतली सहा वर्षं वसुलीत गेली. मोटारसायकल, रेक्झिनची बॅग, बॅगेत यादी. एकदा एका यंत्रमागवाल्याच्या घरी गेलो, चार हप्ते थकलेले. दारात मांडव घातलेला, आत बायका हळद कांडत होत्या. तो माणूस मला बघून पांढरा पडला. मी म्हटलं, पत्ता चुकला वाटतं, आणि परत फिरलो. संध्याकाळी रजिस्टरला लिहिलं: ‘घर बंद आढळले.’ शाखाधिकाऱ्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, सही केली. पाहुणे गेले आणि पंधरा दिवसांत तो स्वतः दोन हप्ते घेऊन काउंटरवर आला. हे खोटं लिहिणं चूकच होतं, पण ‘घर बंद आढळले’ हा रकाना त्या वेळी व्यवस्थेत होता. रात्री चालणाऱ्या प्रोग्रामला मांडव दिसत नाही आणि घर बंद असल्याचं त्याला सांगताही येत नाही.

म्हणून जुना काळ बरा होता, असं मात्र मी म्हणणार नाही. तुमच्या आजोबांना विचारायला हवं होतं, हात जोडून काय मिळायचं ते. तुमचा सोलापूर जिल्हा या गोष्टीत इतिहासाला माहीत आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. सरकारनं चौकशी बसवली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकता येणार नाही, असं त्यात आलं. सावकारानं भरणा घेतला की पावती द्यायची, मागितलं तर हिशोब द्यायचा, हेही त्यात घालावं लागलं. म्हणजे त्याआधी पावती मिळत नव्हती. दिलेले पैसे वहीत चढतील की नाही हे वही लिहिणाऱ्याच्या मनावर. तुमच्या मोबाइलमध्ये आज एकेका रुपयाचा दाखला आहे, वेळ आणि तारखेसकट. तो दाखला खालच्या कामात तुमच्या उपयोगी येणार आहे, म्हणून हे सांगितलं.

शिवाय हलगी आठवा. आपल्याकडं थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवायची, चौकात नावाचा फलक लावायचा, हे प्रकार वसुलीवाल्यांनी केलेले लोकांनी पाहिलेत. जामीनदाराच्या घरी जाऊन त्याच्या सुनेसमोर बोलायचं, हे मीही ऐकलंय. गुपचूप कापून घेणारा डबा निदान गल्लीला ऐकू जाईल असं काही करत नाही. काही बायका मला सांगतात की खात्यात पैसे आले म्हणून नवऱ्याच्या हाताला लागले नाहीत. हेही खरंच आहे. आणि तुमचं कर्ज जामिनाशिवाय का मिळालं? तीन-चार वर्षांची रोजची विक्री त्यांना स्कॅनरवर दिसत होती. त्याच नोंदीवर त्यांनी दिलं आणि त्याच नळाला तोंड लावून ते परत घेतायत.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. केनियात मोबाइलवरच्या एम-पेसा खात्यावर २०१९ पासून फुलिझा नावाची उचल मिळते, आणि नंतर खात्यात पैसे आले की पहिल्यांदा ती उचल वसूल होते. बहिणीनं औषधाला पाठवले असले तरी. जर्मनीनं मात्र एक बरी युक्ती केली आहे. २०१० पासून तिथं प्रत्येकाला आपलं एक खातं ‘जप्तीपासून राखीव’ करून घेता येतं. घेणेकरी कितीही असोत, महिन्याला सुमारे दीड हजार युरोपर्यंत त्या खात्यातून कुणी उचलू शकत नाही. त्याच्या वरचं घ्या, म्हणतो कायदा. तुमच्या-आमच्या बियाण्याचंच हे खात्यातलं रूप आहे. आपल्याकडं महिन्याला दोन हजार कोटींच्या वर यूपीआय व्यवहार होऊ लागलेत, पण असं राखीव खातं नाही. ते व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. माझ्या मतावर तुमचं दूध येणार नाही, म्हणून कामाचं बोलू.

स्कॅनर फाडू नका. मालकांना सांगा, रोख घेणं गुन्हा नाही, मुलीलाही तेच सांगा. मिळालेल्या रोखीतून माल भरणं ही फसवणूक होत नाही. फसवणूक म्हणजे सुरुवातीपासून बुडवायच्या इराद्यानं घेतलेलं किंवा खोटे कागद देऊन घेतलेलं. पण स्कॅनर एकदम बंद केला तर ॲपवाल्यांना तुम्ही पळालात असं दिसेल, वसुलीचे फोन सुरू होतील, आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडेल. उद्या मुलीला शैक्षणिक कर्ज लागलं तर सहकर्जदार म्हणून बँक तुमचाच सिबिल काढणार आहे. करारात विक्री याच स्कॅनरवरून करण्याची अट आहे का, तेही बघून घ्या. मधला मार्ग असा: सकाळच्या पहिल्या दोन तासांत रोख मागा. स्टँडवरचे चालक-वाहक तुमचे रोजचे असतील, आणि वाहकाइतके सुट्टे कुणाकडं असतात? तेवढ्यात उद्याच्या मालाचे सुटले की बाकीचा दिवस स्कॅनर चालू द्या.

लाडकी बहीणचे पैसे मात्र आजच वाचवायचे. २०२४ मध्ये पहिले हप्ते आले तेव्हाही काही बँकांनी ते कर्जात आणि किमान शिलकीच्या दंडात कापले होते, आणि तसं करू नका, असं सरकारला बँकांना सांगावं लागलं. अतिवृष्टीच्या मदतीच्या शासन निर्णयांतही ही रक्कम कर्जाकडे वळती करू नये असं दर वेळी लिहावं लागतं, यातच काय ते समजा. दोन गोष्टी करा. एक, शाखेत लेखी अर्ज द्या की ही सरकारी अनुदानाची रक्कम आहे, ती परत जमा करावी. दोन, पोस्टात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडा आणि आधार सीडिंग तिकडे करून घ्या. थेट लाभाचे पैसे ज्या बँकेला आधार जोडलेलं असतं तिथं जातात. जिथं तुमचं कर्ज नाही तिथं ते पडले तर कुणाला वळते करता येत नाहीत. पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर पैसेही देतो, मालकांना सोडून बाहेर पडता येत नसेल तर हे बरं.

आता मी जे सांगतोय त्यावर माझे जुने सहकारी रागावतील. स्कॅनरचे पैसे ज्या खात्यात पडतात ते खातं ॲपमध्ये बदलता येतं. दुसऱ्या बँकेतलं तुमचं खातं द्या. मग स्वनिधीवाली बँक रात्री काही उचलणार नाही. पण एका अटीवर, ताई: बँकेचा हप्ता तुम्ही स्वतः काउंटरवर जाऊन रोखीनं भरायचा, पावती घ्यायची, आणि तारीख चुकवायची नाही. क्रम परत हातात घ्यायचा तर त्यातला बँकेचा नंबर गाळायचा नाही. खातं बदलण्याआधी जुन्या खात्यावर आणखी कशाचं आपोआप वजावटीचं मँडेट आहे का ते बघा, विमा, भिशी ॲप, काहीही. रिकाम्या खात्यावर ते परत गेलं की प्रत्येक वेळी दंड लागतो. मँडेट अपुऱ्या शिलकीमुळे परत जाणं हे चेक परत जाण्यासारखंच आहे, २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली त्याची फौजदारी होऊ शकते. घाबरू नका, आधी नोटीस यावी लागते आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवस भरायला असतात. पण ती नोटीस फडताळात टाकून देऊ नका. लोक तेच करतात.

दोन अर्ज लिहा. मुलगी लिहील, अक्षर चांगलं असेल तिचं. बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना: अपघात अमुक तारखेला, दवाखान्याचे कागद सोबत, गाडी अमुक दिवस बंद, चालू हप्ता १२५० दरमहा नियमित भरीन, आणि राहिलेली थकबाकी महिन्याला ७०० प्रमाणे फेडीन. रक्कम तुम्ही सांगा. ‘दया करावी’ लिहिलेला अर्ज आम्ही बाजूला ठेवायचो, कारण त्यावर काय करायचं ते कळत नसे. आकडा लिहिलेल्या अर्जावर निर्णय करावा लागतो. सोबत विचारा की खात्यातून वळती केलेली रक्कम कुठल्या कलमाखाली घेतली आणि आधी कळवलं होतं का. हे लेखी विचारलं की ते लेखी उत्तराच्या कामाला लागतात, आणि त्या वेळात माणूस जरा जपून वागतो. नगरपालिकेत स्वनिधीचं काम बघणाऱ्यांनाही एक प्रत द्या. स्वनिधीवर सात टक्के व्याज अनुदान असतं, ते खातं नियमित असेल तरच मिळतं. म्हणजे खातं सुरळीत करण्यात तुमचाही फायदा आहे, हेही त्यांच्याशी बोलताना काढा.

दुसरा अर्ज ॲपच्या कर्जाचा. इथं आधी हे शोधा की कर्ज कुणाचं आहे. ॲप बहुतेक वेळा मधला असतो, पैसे कुठल्यातरी वित्त कंपनीचे. कर्ज घेताना आलेल्या कागदांत ‘मुख्य तथ्य पत्रक’ म्हणून एक असतं, आता रिझर्व्ह बँकेनं ते सक्तीचं केलंय. त्यात वार्षिक व्याजाचा खरा दर, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा फोन आणि ईमेल असतो. त्या ईमेलवर पाठवा: रोज २३० च्या जागी ३०० कापा, म्हणजे थकबाकी साधारण पाच महिन्यांत फिटेल, पण निम्मी विक्री कापणं थांबवा. विक्री आणि कमाई यातला फरक त्यांना दाखवा. वरचा बाराशेचा मालाचा हिशोब तसाच लिहून काढा. मोबाइलमधला रोजच्या जमेचा दाखला जोडा, आठ-नऊ महिन्यांचा. अपघातापर्यंत एकही दिवस चुकलेला नाही हे त्यात आपोआप दिसेल, तुम्ही वेगळं सांगायला नको.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकील नको, १४४४८ या नंबरावर फोन करूनही माहिती मिळते. लोकपाल कर्ज माफ करत नाही. त्याच्या कागदाला उत्तर देणं मात्र कंपनीला टाळता येत नाही.

वसुलीचे फोन आले तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर ते करायचे नाहीत असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. नातेवाईकांना, मुलीच्या मैत्रिणींना फोन गेला तर तो नंबर आणि वेळ वहीत लिहून ठेवा, भांडू नका.

आणि येत्या आठवड्यात तुम्हाला आणखी एक मेसेज येईल. ‘अभिनंदन, पंचवीस हजार मंजूर, दोन मिनिटांत खात्यात.’ थकबाकीदार झाल्याचा वास या मंडळींना फार लवकर लागतो. तो उघडूच नका. दूधवाल्याची आठ दिवसांची उधारी त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे, आणि नऊ वर्षं ज्याच्याकडून दूध घेतलंत तो आठ दिवस थांबेल.

तुमचा शेवटचा प्रश्न राहिला, हात कुणापुढे जोडायचे. डब्यापुढे नाही, हे तर तुम्हीच लिहिलंय. डब्यामागं शाखाधिकारी आहे, तक्रार अधिकारी आहे, त्याच्यावर लोकपाल आहे. त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता हलगीपेक्षा अवघड केलेला आहे एवढं खरं, कारण तो सगळा कागदाचा आहे. तुमच्या आजोबांना समोरच्याचा चेहरा दिसायचा. तुम्हाला त्याच्या टेबलावर अर्ज पोचवावा लागेल.

म्हणून प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा. एक त्यांना, दुसरीवर पोच घ्या: तारीख, सही, शिक्का. दुपारी चारनंतर जाऊ नका, तेव्हा ‘उद्या या’ म्हणतात. अकराच्या सुमारास जा, गाडीवर तासभर मुलीला बसवून. आणि शिक्का नीट उमटलाय का ते काउंटर सोडायच्या आधी बघून घ्या. शाई सुकलेला शिक्का मारून देण्यात आम्ही बँकवाले फार तरबेज असतो.